विमान किती तासांत पोचवेल? पाऊण तासाचा हिशेब

नागपूरला लग्नाला निघालेल्या मावशीने विचारलं, "विमान ताशी आठशेने जातं ना? मग तासाभरात पोचायला हवं!" हिशेब बरोबर, पण अर्धाच. मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर. त्याला 800 ने भागलं की 51-52 मिनिटं येतात. त्यात पाऊण तास मिळवा, कारण धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, वर चढणं, खाली उतरणं हे सगळं त्यातच. झाले साधारण दीड-पावणेदोन तास. दिल्ली सुमारे 1,140 किलोमीटर, म्हणजे सव्वादोन तासांच्या आत-बाहेर.

परदेशी तिकिटावर मात्र उतरण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ थेट वजा करू नका. तिथे दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी 10 ला निघून 11.45 ला उतरलात, तरी विमानात सव्वातीन तास बसलेले असता.

आणि तिकिटावरची विमानतळाची तीन अक्षरं वाचा! डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईतूनही विमानं सुटतात. बीओएम (BOM) म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ, एनएमआय (NMI) म्हणजे उलव्याजवळचा नवा. वाशीकरांना नवा सोयीचा, ठाण्यातल्या घोडबंदरवाल्यांनी आधी नकाशावर रस्ता बघावा. देशांतर्गत विमानाचं बॅगांचं काउंटर बहुतेक ठिकाणी सुटण्याआधी तासभर बंद होतं. आमच्या मावशी ठाण्यातच, कापूरबावडीच्या सिग्नलला असतानाच ते बंद झालं होतं.