फिलेमोनाला लिहिलेले पत्र कसे वाचावे

बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांपैकी हे सर्वांत छोटे : एकच अध्याय, २५ वचने. तेव्हा सुटी वचने निवडू नका. आधी सगळे पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचा, चारेक मिनिटे पुरतात. ते मुळात फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या ख्रिस्ती मंडळीपुढेही वाचले जाणार होते (वचन २).

मग माणसे कागदावर मांडा. पौल तुरुंगात आहे. कोणत्या, यावर मतभेद आहेत. रोम हे परंपरेचे उत्तर. इफिसही सुचवले जाते, कारण फिलेमोन जिथला मानला जातो ते कलस्सै तिथून बरेच जवळ. फिलेमोन मालक, अनेसिम त्याचा दास, म्हणजे गुलाम. अनेसिम पौलाकडे आला, ख्रिस्ती झाला आणि आता हे पत्र घेऊन परत निघाला आहे.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची : मागणी शोधा. अनेसिमाचे नाव थेट दहाव्या वचनात येते. त्याआधी पौल आभार मानतो, फिलेमोनाच्या प्रीतीचे कौतुक करतो आणि म्हणतो, आज्ञा करू शकलो असतो, पण विनंती करतो (८-९). खरी मागणी सतराव्या वचनात आहे : माझे स्वागत करशील तसे त्याचे कर. अनेसिमाने काही नुकसान केले असेल तर ते भरून देईन, असे पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो (१९), आणि लगेच फिलेमोनाला आठवण देतो की तू स्वतःच माझा ऋणी आहेस. बाविसाव्या वचनात तर उतरायला जागा तयार ठेवायला सांगतो, म्हणजे काय झाले ते पाहायला तो येणार. विनंतीतला हा दाब लक्षात आला नाही, तर पत्र नुसते गोड वाटते.

मराठीत वाचताना ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांवर खूण करा. मागणी एकट्या फिलेमोनाला आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा आशीर्वाद सगळ्यांना.

चुका बहुतेक इथे होतात. अनेसिम पळाला, असे पत्रात स्पष्ट लिहिलेले नाही. चोरीचाही उल्लेख नाही. अठराव्या वचनात त्याने काही नुकसान केले असेल, यामागे फक्त ‘जर’ आहे. ‘त्याला मुक्त कर’ हे शब्दही नाहीत. आहे ते सोळावे वचन : यापुढे दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून. अमेरिकेत १९व्या शतकात गुलामगिरीच्या समर्थकांनी ‘पौलाने दास परत पाठवला’ एवढेच उचलले आणि हे वचन बाजूला ठेवले. अर्धे वाचल्याने माणसांचे किती नुकसान होते, ते इथे दिसते.

शेवटी कलस्सैकरांस पत्र ३:२२ ते ४:१ शेजारी ठेवून वाचा. तिथे दासांना चार वचने आहेत आणि मालकांना एक. त्याच पत्रातले ४:९ सांगते की ते पोहोचवणाऱ्या तुखिकाबरोबर अनेसिमही होता. ती पाच वचने त्याने ऐकली असतील तेव्हा मंडळीत त्याचा मालकही बसलेला असू शकतो, हे धरून दोन्ही पत्रे पुन्हा वाचा.