आपल्या एरियाचे सरकारी आकडे कुठे मिळतात आणि ते काढायचे कसे

आमच्याकडे पुण्यात नऱ्ह्यात अंगणवाडी हवी म्हणून आम्ही सोसायटीतल्या आणि मागच्या वस्तीतल्या बायका मिळून अर्ज घेऊन गेलो होतो. टेबलापलीकडच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "लहान मुलं किती आहेत तुमच्याकडे, आणि आकडा आणला कुठून?" अर्जात आम्ही लिहिलं होतं "शेकडो मुले". अर्ज तसाच परत आला. अंगणवाडीचा निकष सरळ लोकसंख्येवर आहे, साधारण ४०० ते ८०० लोकांमागे एक, त्यामुळे त्यांचा प्रश्न बरोबरच होता. मग मी हे सगळं शोधत बसले आणि जे जमलं ते इथे लिहितेय, कुणाला पाणी, दवाखाना, शाळा काहीही मागायचं असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, तुमचा एरिया सरकारी कागदावर नेमका कोणत्या नावाने आहे. निम्मा वेळ इथेच जातो आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. मॅपवरचं नऱ्हे वेगळं, पिनकोडची हद्द वेगळी, पोलीस स्टेशनची वेगळी, महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय वेगळं आणि निवडणुकीचा प्रभाग अजून वेगळा. त्यात जनगणना शेवटची झाली २०११ ला, आणि नऱ्हे महापालिकेत आलं २०२१ च्या जूनअखेर, बाकीच्या २२ गावांबरोबर. म्हणजे मी पुणे महापालिकेच्या वॉर्डांत कितीही शोधलं असतं तरी मिळणारच नव्हतं, कारण २०११ च्या कागदावर ते हवेली तालुक्यात आहे. वाघोली, मांजरी बुद्रुक वाल्यांचंही तेच, आणि बावधन बुद्रुक, सूस वाल्यांनी मुळशी तालुक्यात बघायचं.

याच कारणाने पुण्याची २०११ ची लोकसंख्या तुम्हाला दोन आकड्यांत दिसेल. जनगणनेत महापालिकेची आहे ३१,२४,४५८ आणि २०२५ च्या प्रभाग रचनेत आहे ३४,८१,३५९. दोन्ही सरकारी, दोन्ही बरोबर, दुसऱ्यात नंतर आलेली गावं धरलीत एवढाच फरक. कुठलाही आकडा उचलताना हद्द कोणती आणि साल कोणतं हे त्याच ओळीत लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

आता जनगणनेची फाइल. सेन्सस ऑफ इंडियाच्या साइटवर २०११ चे टेबल्स आहेत, त्यात प्रायमरी सेन्सस अॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे लोकसंख्येचा मूळ गोषवारा, या नावाची एक्सेल घ्यायची. राज्याचा कोड २७, पुणे जिल्ह्याचा ५२१. हे मोबाईलवर करू नका, कॉलम इतके आहेत की डोळे फिरतात. फाइल उघडली की लेव्हल नावाचा कॉलम बघा, त्यात जिल्हा, तालुका, गाव, टाउन, वॉर्ड असं लिहिलेलं असतं, त्यावर फिल्टर लावा. शहराच्या आतल्या पेठा किंवा कोथरूडसारखा भाग हवा असेल तर वॉर्ड, गाव हवं असेल तर गाव. आणि गावांच्या यादीत तुमचं गाव सापडलं नाही तर घाबरू नका, टाउनच्या यादीत बघा. ग्रामपंचायत असूनही जिथे लोकसंख्या ५,००० च्या वर, कामावरच्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर आणि घनता चौरस किलोमीटरला ४०० च्या वर असेल, तिथे जनगणनेत त्याला सेन्सस टाउन धरतात आणि नावापुढे कंसात सीटी असं असतं. शहरालगतची बरीच गावं अशी लपलेली असतात. स्पेलिंगही दोनतीन प्रकारे टाकून बघा, इंग्रजीत आपल्या गावांच्या नावाचं काय होईल सांगता येत नाही.

ओळ सापडली की त्यात एकूण घरं, एकूण माणसं, बाया पुरुष वेगळे, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती जमाती, साक्षर, काम करणारे असं सगळं येतं. मला हवा होता तो ० ते ६ वयाच्या मुलांचा कॉलम, तो बघितला तेव्हा खरंच बरं वाटलं, इतके दिवस जो प्रश्न अडवत होता त्याचं उत्तर तिथे शांतपणे पडून होतं.

साक्षरतेचा टक्का काढणार असाल तर एक मिनिट थांबा, ही चूक मीही केली. जनगणनेत साक्षर फक्त ७ वर्षांपासून पुढे मोजतात. म्हणून भागायचं ते एकूण लोकसंख्येने नाही, त्यातून ६ वर्षांपर्यंतची मुलं वजा करून. समजा गावात १०,००० माणसं, त्यात १,२०० लहान मुलं आणि ७,५०० साक्षर. तर ७,५०० भागिले ८,८००, म्हणजे ८५ टक्के. सरळ १०,००० ने भागलं तर ७५ येतात आणि अख्खा एरिया उगाच मागास दिसतो.

नळ, संडास, गटार, स्वयंपाकाचं इंधन, घराचं छप्पर हे या फाइलमध्ये नाही, ते जनगणनेच्याच घरयादीच्या (घरांच्या मोजणीच्या) टेबलमध्ये असतं आणि तिथे आकडे टक्क्यांत असतात. गावातले दवाखाने, शाळा, रस्ते यासाठी जिल्हा जनगणना पुस्तिका, तिचा भाग अ. जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन पण निघतं, चांगलं असतं पण ते तालुक्याच्या खाली फारसं उतरत नाही, गल्लीसाठी त्याच्या मागे लागू नका.

शहरात राहत असाल तर मला सगळ्यात कामाचा वाटलेला कागद म्हणजे प्रभाग रचनेची अधिसूचना. लोक ती फक्त निवडणुकीपुरती बघतात. त्यात प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या, अनुसूचित जाती जमातींची संख्या, "व्याप्ती" म्हणजे कुठकुठल्या वस्त्या आत आल्या, आणि उत्तर पूर्व दक्षिण पश्चिम हद्दी, अगदी अमुक नाल्यापासून तमुक रस्त्याच्या मध्यापर्यंत, अशा मराठीत लिहिलेल्या असतात. फक्त लक्षात ठेवा की माणसं त्यात २०११ चीच आहेत, आणि प्रभागही बदलत राहतात, पुण्यात २०१२ ला ७६ होते, २०१७ ला ४१ झाले, त्यामुळे प्रभाग नंबरवरून जुनी नवी तुलना करायची नाही, हद्दी वाचूनच करायची.

आता खरी अडचण, आकडे जुने आहेत. नऱ्ह्यात २०११ नंतर किती इमारती उठल्या ते रस्त्यावर उभं राहिलं तरी दिसतं. अंदाजाने दुप्पट तिप्पट करून लिहू नका, समोरचा लगेच पकडतो. त्यापेक्षा जनगणनेचा आकडा आहे तसा द्या आणि शेजारी दुसरा ताजा कागद जोडा. यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, साइटवर शाळेचं नाव टाकून इयत्तेनुसार पटसंख्या बघता येते. मतदार यादीत प्रत्येक भागाची स्त्री पुरुष मतदारांची बेरीज दिलेली असते (तेवढीच घ्या, लोकांची नावं पत्ते अर्जाला जोडत फिरू नका). जन्मनोंदीवर मात्र विसंबू नका, जन्म जिथे झाला तिथे नोंद होते, म्हणजे ज्या भागात मोठं हॉस्पिटल तिथे बाळं जास्त दिसणार. आणि जवळच्या अंगणवाडी सेविकेला भेटा. ताई आपल्या हद्दीतल्या घरोघरचा सर्व्हे करते, तिच्या रजिस्टरमधून हद्द कुठे संपते हे कळलं तरी पुष्कळ.

जे साइटवर नाही ते माहिती अधिकारात. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. "आमच्या भागाची सर्व माहिती द्या" असं लिहिलंत तर काही मिळणार नाही. जो कागद त्यांच्याकडे आहे तोच मागा, उदाहरणार्थ अमुक प्रभागात आलेल्या प्रगणक गटांची यादी आणि नकाशा. प्रगणक गट म्हणजे एका प्रगणकाने मोजलेला तुकडा, याहून बारीक हद्द सहसा मिळत नाही.

पुढची जनगणना २०२७ ची आहे, मोजणीचा संदर्भ १ मार्च २०२७. तुमच्याकडे प्रगणक आले की दार उघडा आणि भाड्याने राहणाऱ्यांनाही मोजायला सांगा, घरमालक कितीही नको म्हणाला तरी, ते मोजले गेले नाहीत तर पुढची कित्येक वर्षं त्यांच्या मुलांसाठी काही मागताच येणार नाही.

आमच्या दुसऱ्या अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं, "जनगणना २०११, प्रायमरी सेन्सस अॅबस्ट्रॅक्ट, नऱ्हे, तालुका हवेली, शून्य ते सहा वयोगट", पुढे आकडा, खाली शाळेची पटसंख्या सालासकट, आणि मागे त्या एक्सेलच्या ओळीची प्रिंट पिवळ्या हायलायटरने रंगवून. साहेबांनी प्रिंट उलटसुलट करून बघितली, चष्मा काढला आणि शिपायाला सांगितलं, इनवर्ड करून घे.