लंगडणारा घोडा तपासणीसाठी दवाखान्यात नेताना

घोडा लंगडू लागला की दुखणे खुरापासून खांद्यापर्यंत किंवा पुठ्ठ्यापर्यंत कुठेही असू शकते, आणि ते नेमके कुठे आहे हे शोधण्यासाठी पशुवैद्यकाच्या हाती असलेले सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे ते लंगडणेच होय. म्हणून घोडा दवाखान्यात नेणाऱ्याचे पहिले काम हे की, ते लंगडणे जसे आहे तसे, काही न झाकता, डॉक्टरांच्या समोर पोहोचवावे. काही वर्षांपूर्वी मी नेमकी याच्या उलट चूक केली. प्रवासात घोड्याला त्रास होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी त्याला वेदनाशामक इंजेक्शन दिले. दवाखान्याच्या आवारात तो इतका सरळ चालला की तपासण्यासारखे काही उरलेच नाही. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा पूर्वीसारखाच लंगडत होता, आणि ते सगळे दिवस त्या जनावराने विनाकारण सोसले.

घोडा न्यावा की डॉक्टरांनाच बोलवावे, हे प्रथम ठरवावे लागते. पाय अजिबात टेकवत नसेल, पाय भलत्याच ठिकाणी वाकत असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल, तर घोड्याला जागचे हलवू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे किंवा शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा, आणि पायाला आधाराच्या पट्ट्या नीट बांधून झाल्यावरच त्याला गाडीत चढवावे. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, भार टाचांवर घेऊन घोडा उभा असेल, दोन्ही खूर गरम लागत असतील आणि वळताना तो कासावीस होत असेल, तर खुराच्या आतील थराला सूज आल्याचा संभव असतो. अशा घोड्यालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालवू नये. सांध्याजवळ जखम असून तिच्यातून चिकट, पिवळसर पाणी येत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये, कारण सांध्यात शिरलेला जंतुसंसर्ग काही तासांतच हाताबाहेर जाऊ शकतो.

बाकीच्या बहुतेक लंगडण्यांत घरी थोडे निरीक्षण करायला वेळ मिळतो. सपाट, कठीण जमिनीवर मोरखीची दोरी सैल ठेवून कोणाला तरी घोडा सरळ रेषेत नेण्यास सांगावे, आधी पावलाने आणि मग दुडकीने, आणि आपण समोरून, मागून व बाजूने पाहावे. दोरी घट्ट धरली तर मानेची हालचाल दबते आणि पाहण्यासारखे काही राहत नाही. पुढच्या पायात दुखणे असेल तर दुखरा पाय टेकताना घोडा मान वर झटकतो आणि धड पाय टेकताना खाली घालतो. पुष्कळ जण नेमके उलटे समजतात आणि धड पायाकडे बोट दाखवतात. मागच्या पायाचे दुखणे ओळखायचे तर मागे उभे राहून दोन्ही पुठ्ठे पाहावेत. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्यापेक्षा जास्त वरखाली होतो. हे सारे मोबाइलवर चित्रित करून ठेवावे, कारण अनोळखी आवारात बिचकलेला घोडा कधीकधी लंगडणे लपवतो. घोडा फारच लंगडत असेल, तर मात्र दुडकी चालवूच नये.

त्यानंतर खूर हातात घ्यावा. पुढच्या पायाचे दुखणे बहुतांशी खुरात किंवा त्याच्या जवळपास सापडते, आणि काल धड असलेला घोडा आज एकदम तीन पायांवर आला तर खुरात पू साठलेला असण्याची शक्यता मोठी असते. तळवा ब्रशने व पाण्याने स्वच्छ धुऊन उजेडाकडे वळवला की कधीकधी टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो, आणि अंगठ्याने दाबताच घोडा पाय हिसकून घेतो. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटे ठेवली असता धड पायात नाडी जेमतेम जाणवते. खुरात दाह असेल तर तीच नाडी ठसठसून लागते. दुसऱ्या पायाशी तुलना केल्यावाचून हे निदान करू नये. विश्रांतीत घोड्याची हृदयाची गती मिनिटाला सुमारे २८ ते ४४ आणि शरीराचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. हे आकडे निघण्यापूर्वी कागदावर टिपून घ्यावेत, आणि लंगडणे कधी सुरू झाले, नाल कधी ठोकली, धनुर्वाताची लस कधी दिली हेही त्याच कागदावर लिहावे. जमिनीतील जंतूंमुळे होणारा धनुर्वात घोड्याला फार लवकर जडतो, त्यामुळे शेवटचा प्रश्न केवळ नोंदीसाठी नाही.

तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर हात आपोआप पकडीकडे जातो, पण तो आवरावा. खिळा जागेवर असताना एक्स-रे काढला तर तो किती खोल आणि कोणत्या दिशेला गेला आहे हे कळते. उपसल्यावर छिद्र मिटते आणि वाट हरवते. खिळ्याचे डोके बाहेर राहिले असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे बांधून भार त्यावर येऊ नये असे करावे आणि लगेच डॉक्टरांशी बोलावे. तो आणखी आत जाण्याचा धोका असेल आणि डॉक्टरांनी काढण्यास सांगितले, तर जागेवर शाईने खूण करावी व खिळा सोबत न्यावा.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना न विचारता फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक देऊ नये. आधी दिलेले असेल तर औषध, मात्रा आणि वेळ स्पष्ट सांगावी. पायावर झोंबणारा लेप लावू नये आणि डागही देऊ नये. डागल्याने त्या जागी नवी सूज येते, सोनोग्राफीत जुने दुखणे आणि नवी इजा वेगळी काढणे अवघड होते, आणि घोड्याच्या वाट्याला जास्तीचे दुःख येते. नाल काढावी की नाही, हेही आधी विचारावे. एक्स-रेसाठी ती काढावी लागते, परंतु काही डॉक्टरांना घोडा आधी नालेसह चालताना पाहायचा असतो.

दवाखाना निवडताना अंतरापेक्षा सोयी पाहाव्यात. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय व बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. घोडे तपासणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का, एक्स-रे यंत्र चालू आहे का आणि किती वाजता यावे, हे दूरध्वनीवर विचारूनच गाडी ठरवावी.

गाडीचा विचार पाचगणीहून शिरवळला जाणाऱ्या घोड्याच्या उदाहरणाने करू. प्रथम पसरणीचा घाट उतरावा लागतो, तेव्हा उताराचा आणि ब्रेकचा दोन्ही भार घोड्याच्या पुढच्या बाजूवर येतो. म्हणून दुखणे पुढच्या पायात असेल तर त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करावे, म्हणजे ब्रेकचा झटका धड असलेल्या मागच्या पायांवर जातो. मागचा पाय दुखत असेल तर तोंड पुढे ठेवावे. दोन्ही बाजूंना जाड बांबू लावून घोडा अंग टेकू शकेल, पण वळू शकणार नाही एवढीच जागा ठेवावी, आणि तोल सावरण्यासाठी मान खाली-वर करता येईल इतकी दोरी सैल असावी. फळीवर रबरी चटई आणि तिच्यावर भाताचा पेंढा अंथरावा. चढवताना गाडी एखाद्या ओट्याला किंवा बांधाला लावली तर दुखऱ्या पायाला तीव्र चढ चढावा लागत नाही. प्राणी वाहतूक नियम, १९७८ नुसार घोडा प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत लागतो आणि गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. घाटात तर त्याहूनही सावकाश चालवावे. सोबत ओळखीचा दुसरा घोडा नेता आला तर फार फरक पडतो, कारण एकटा घोडा गाडीत घामाघूम होतो.

दवाखान्यात घोडा रोज सांभाळणारा माणूसच दोरी धरायला हवा. डॉक्टर प्रथम घोडा उभा असताना पाहतात, मग चालवतात, पकडीसारख्या साधनाने खूर दाबून पाहतात, सांधा थोडा वेळ दुमडून धरतात आणि सोडताच दुडकी चालवण्यास सांगतात. दुखऱ्या जागेचा तरीही पत्ता लागला नाही, तर पायातील नसांना बधिर करणारी इंजेक्शने खालून वर क्रमाने दिली जातात. एका टप्प्याला लंगडणे थांबले तर दुखणे त्या टप्प्याने बधिर केलेल्या भागात आहे असे ठरते, आणि मग एक्स-रे वा सोनोग्राफी नेमक्या त्याच जागेची करता येते. प्रत्येक टप्प्यानंतर थांबावे लागते, त्यामुळे यात सारा दिवस जाऊ शकतो. परतीच्या गाडीवाल्याला घाई करू देऊ नये. घोडा शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध दिले असेल, तर तो पूर्ण सावध होईपर्यंत त्याला चारा किंवा चंदी देऊ नये, अन्यथा घास घशात अडकण्याचा धोका असतो.

निघताना निदान, औषधांच्या मात्रा, पूर्ण विश्रांतीचे दिवस, हातात धरून किती वेळ चालवायचे आणि पुन्हा कधी दाखवायचे, हे सारे लिहून घ्यावे. बांधलेली पट्टी कधी बदलायची आणि ती ओली झाल्यास काय करायचे, हेही विचारावे. एक्स-रेची प्रत मागून घ्यावी व ती घरी कपाटात न ठेवता, पुढची नाल ठोकण्यापूर्वी नालबंदाला उजेडात धरून दाखवावी, कारण खुराची टाच किती ठेवायची आणि पुढचे टोक किती तासायचे, हे त्यालाच ठरवायचे असते.