झोप येत नाही तेव्हा तिच्यामागे लागू नका

रात्री दोन वाजता कूस बदलत ‘आता झोप लागली तरी चारच तास’ असा हिशेब सुरू झाला, की उरलीसुरली झोपही उडते. झोप ओढून आणता येत नाही. जाग आहे हे मान्य करून तिच्याशी झगडणं मात्र थांबवता येतं.

झोपण्याआधी घड्याळ नजरेआड करा. मोबाइलवर गजर लावून तो हाताला लागणार नाही असा ठेवा. जाग आलीच, तर मनात सरळ नोंद करा: ‘जाग आहे. छातीत धडधडतंय. जबडा आवळलाय.’ धडधड घालवायला जाऊ नका. पाठीला लागलेली गादी, पायांवर येणारा पंख्याचा वारा, लांबून जाणाऱ्या गाडीचा आवाज, एवढंच जाणवू द्या. इथे बहुतेकांचं चुकतं. स्वीकारालाच झोपेची गोळी समजतात आणि दर पाच मिनिटांनी ‘आली का झोप?’ म्हणून चाचपतात. त्या पहाऱ्यानेच मेंदू जागा राहतो. अंदाजे वीस मिनिटांनी चिडचिड वाढलीच, तर उठून मंद दिव्यात बसा. डोळे जड झाले की परत या.

रात्र कशीही जावो, उठायची वेळ बदलू नका. शरीराचं घड्याळ बहुतेकांमध्ये 24 तासांहून किंचित लांब असतं. सकाळचा उजेड ते रोज अलीकडे ओढतो. म्हणून उठल्या उठल्या अर्धा तास गच्चीत किंवा बाहेर घालवा. पुण्यात जूनमध्ये सहाच्या सुमाराला उजाडलेलं असतं, जानेवारीत सूर्योदयालाच सात वाजून जातात. झोपेची वेळच अलीकडे आणायची असेल, तर रात्री एक वाजता झोपणाऱ्याने एकदम दहाला आडवं पडू नये. उठण्याची वेळ दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणा.

हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांनी एक गोष्ट मनापासून मान्य करावी: दिवसाची झोप तुटक होते, कारण शरीराचं घड्याळ त्या वेळी जागं करत असतं. तुमचा त्यात काही दोष नाही. घरी येताना गॉगल, खोलीला जाड पडदे, कचऱ्याच्या गाडीच्या गाण्यासाठी कानात बोळे. शेवटचा चहा-कॉफी झोपेच्या किमान सहा तास आधी, कारण कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. डोळे मिटत असतील तर दुचाकीला किल्ली लावूच नका, कॅबने या.

घोरताना श्वास अडकत असेल, किंवा आठवड्यातून तीन रात्री झोप न लागणं तीन महिने चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.