पाण्यातल्या म्हशीचं मोल: ताऱ्यासाठी होतकरू पोरं द्यावीत का, हे कसं ठरवावं

जुलैचा शेवट आला की मेजर लीग बेसबॉल, म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च लीग, मैदानावर कमी आणि फोनवर जास्त खेळलं जातं. संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेतीनला. सकाळी चहा घेताना बातमी दिसते: अमुक संघाने पाच पोरं देऊन एक तारा आणला. ताऱ्याचं नाव ओळखीचं असतं, पोरांची नावं कधी ऐकलेली नसतात. त्यामुळे 'स्वस्तात मिळाला की!' असं तोंडातून निघून जातं. तसं म्हणण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

मुळात पोरं द्यायचीच कशाला? आयपीएलमध्ये मुंबईने हार्दिक पंड्याला २०२३ मध्ये गुजरातकडून पैसे मोजून परत आणलं. बेसबॉलमध्ये ही वाट जवळपास बंद आहे. १९७६ मध्ये ओकलंडने आपले तीन बडे खेळाडू रोख रकमेला विकले, तेव्हा लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांनी ते सौदेच रद्द केले. त्यामुळे दुसऱ्याच्या करारात असलेला तारा हवा असेल, तर बदल्यात माणसं द्यावी लागतात. विकणाऱ्याला सहसा हवी असतात ती मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या लीगमध्ये तयार होणारी होतकरू पोरं; त्यांना प्रॉस्पेक्ट म्हणतात.

पायरी १: ऑक्टोबर मोजा

तारा किती मोठा आहे, हा प्रश्न बाजूला ठेवा. तो तुमच्याकडे किती ऑक्टोबर राहणार, ते लिहा. १६२ सामन्यांच्या हंगामानंतर ३० पैकी १२ संघ प्लेऑफमध्ये जातात आणि ते खेळले जातात ऑक्टोबरात. सारा खर्च त्या महिन्यासाठी असतो.

मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू फ्री एजंट होतो आणि हव्या त्या संघाशी करार करू शकतो. फलंदाज हुआन सोटोचं उदाहरण घ्या. वॉशिंग्टन नॅशनल्सने देऊ केलेला १५ वर्षांचा, ४४ कोटी डॉलरचा करार त्याने नाकारला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी त्याला सॅन डिएगो पाद्रेसकडे धाडलं. तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि त्याचे २०२२, २०२३ आणि २०२४ असे तीन ऑक्टोबर हातात होते. म्हणून तर पाद्रेसने सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल आणि हार्लिन सुसाना अशी पाच पोरं दिली, शिवाय ल्यूक व्हॉइट.

दुसऱ्या रकान्यात पोरांची वर्षं लिहा. त्यांची प्रत्येकी सहा-सहा वर्षं, तीही स्वस्तातली. २०२५ मध्ये मेजर लीगमधला किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता आणि पहिली दोन-तीन वर्षं पोरं साधारण तेवढ्यावरच खेळतात. सोटोने पुढे न्यूयॉर्क मेट्सशी केलेला करार १५ वर्षांना ७६ कोटी ५० लाखांचा, म्हणजे वर्षाला ५ कोटी १० लाख. पोरगं नुसतं बरं निघालं तरी त्याची किंमत एवढी का, ते या फरकात आहे.

पायरी २: आपला संघ कुठे उभा आहे, ते बघा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी.

ऑगस्ट १९८७. डेट्रॉइट टायगर्स आपल्या गटात पहिल्या जागेसाठी झुंजत होते. त्यांनी अटलांटाकडून ३६ वर्षांचा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, डॉइल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात जॉन स्मोल्ट्झ नावाचा, डेट्रॉइटच्याच मिशिगन राज्यातला २० वर्षांचा पिचर दिला. स्मोल्ट्झ पुढे २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला. त्यामुळे 'सगळ्यात वाईट ट्रेड' अशा यादीत हा सौदा हमखास असतो.

मला ते पटत नाही. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी ११ सामन्यांची सुरुवात केली आणि ते अकराही संघाने जिंकले. त्याच्या नावावर नऊ विजय लागले, पराभव एकही नाही. हंगामातले शेवटचे तीन सामने घरच्याच मैदानावर टोरंटोशी होते. तिन्ही जिंकून डेट्रॉइटने गट मारला. डेट्रॉइटचे ९८ विजय, टोरंटोचे ९६. अलेक्झांडर नसता तर ते दोन विजय आले असते का, याचं उत्तर कागदावर स्वच्छ दिसतं. पुढच्या फेरीत मिनेसोटासमोर तो दोन्ही सामने हरला हेही खरं, पण तिथवर नेलं त्यानेच.

आता १९९० ची बॉस्टन रेड सॉक्स घ्या. त्यांनीही गट जिंकला. पण लॅरी अँडरसन हा रिलीफ पिचर, म्हणजे सामन्याच्या मधे बदली येणारा पिचर, आणायला त्यांनी जेफ बॅगवेल दिला, आणि तो त्या वेळी डबल-ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, .३३३ च्या सरासरीने फटकावत होता, म्हणजे तीनदा फलंदाजी केली की एकदा फटका मारून बेस गाठायचा (हिट). अँडरसनने त्यांच्यासाठी हंगामात जेमतेम २२ इनिंग टाकल्या (एका सामन्यात संघाच्या नऊ इनिंग असतात), ऑक्टोबरात ओकलंडने त्यांना सरळ धुतलं आणि हिवाळ्यात अँडरसन निघूनही गेला. हा सौदा बॅगवेल मोठा झाला म्हणून चुकला असं नाही. २२ इनिंगसाठी असा फलंदाज देणं त्या दिवशीही महागच होतं.

संघ गटात बारा सामने मागे असेल, तर इथेच थांबा आणि झोपा.

पायरी ३: पोरांचं मोल करा

हे म्हणजे पाण्यात म्हैस आणि वर मोल. तरी काही खुणा आहेत. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, प्रत्येक कौशल्याला २० ते ८० गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी. त्याहून कामाची खूण म्हणजे वय आणि पातळी एकत्र वाचणं. १९८७ च्या उन्हाळ्यात स्मोल्ट्झचे आकडे होते चार विजय, दहा पराभव, ५.६८ चा इआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी; कमी तेवढी चांगली). नुसते आकडे वाचणारा म्हणेल, द्या सोडून. पण विसाव्या वर्षी तो डबल-ए मध्ये, स्वतःहून मोठ्या फलंदाजांसमोर उभा होता.

पिचर असेल तर मोलातून थोडं कापा. कोपराची शस्त्रक्रिया कुणाच्या नशिबी येईल सांगता येत नाही. आणि संख्येला भुलू नका: डिसेंबर २००७ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सने फलंदाज मिगेल काब्रेराच्या सौद्यात डेट्रॉइटकडून सहा जण घेतले, त्यात अँड्र्यू मिलर आणि कॅमेरॉन मेबिन ही गाजलेली नावं होती. काब्रेराने डेट्रॉइटमध्ये २०१२ ला ट्रिपल क्राउन जिंकला, म्हणजे सरासरी, होमरन आणि संघाला मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत पहिला आला. मिलर चमकला, पण पुढे, भलत्याच संघांत.

पायरी ४: घरात त्या पोराला जागा आहे का?

२०१६ मध्ये शिकागो कब्सने पिचर अरोल्डिस चॅपमनसाठी न्यूयॉर्क यँकीजला ग्लेबर टोरेस दिला. टोरेस शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या नि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, आणि कब्सकडे त्या भागात अॅडिसन रसेल नि हावियर बाएस आधीच बसलेले. चॅपमनचा ऑक्टोबर एकच होता. त्यातही अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात प्रतिस्पर्धी राजाय डेव्हिसने त्याला होमरन ठोकून बरोबरी साधली. तरी कब्स दहाव्या इनिंगमध्ये ८-७ ने जिंकले आणि १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद आलं. टोरेस पुढे ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडला गेला. शिकागोत त्याबद्दल रडणारा मला अजून भेटायचाय.

पायरी ५: करारातली बारीक अक्षरं

काही खेळाडूंना अदलाबदलीला नकार द्यायचा हक्क असतो. सोटोच्या सौद्यात पाद्रेसना एरिक हॉस्मर वॉशिंग्टनला पाठवायचा होता. तो नाही म्हणाला, म्हणून व्हॉइट गेला.

पायरी ६: परतीची वाट

तारा पुढे विकता येईल का, हेही आधीच लिहून ठेवा. पाद्रेस २०२२ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेले, २०२३ मध्ये प्लेऑफलाच मुकले. मग तिसऱ्या ऑक्टोबरची वाट न बघता त्यांनी सोटोला यँकीजला दिलं आणि मायकल किंगसह काही पिचर घेतले. त्यातलाच एक, ड्रू थॉर्प, त्यांनी मार्च २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन पिचर डिलन सीझ आणला. त्याच जुलैत सीझने नो-हिटर टाकला, एकही हिट न देता. मैदान वॉशिंग्टनचं होतं आणि समोर होते नॅशनल्स.