उन्हाळ्यात ट्रॅक्टरचं इंजिन घासू नये म्हणून काय बघायचं

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि नेमकी तेव्हाच नांगरटी, रोटाव्हेटर सगळी कामं अंगावर असतात, मग ट्रॅक्टर निळा धूर मारायला लागला की आपण म्हणतो उन्हानं इंजिन गेलं. पण भाऊ, ऊन एकटं इंजिन खात नाही, जास्त खाते ती धूळ.

आमच्या ट्रॅक्टरचं हेड उतरवलं तेव्हा मिस्तरीनं माझं नख लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या आतल्या भिंतीवर, वरून खाली फिरवायला लावलं. वरच्या टोकाला, जिथे पिस्टनची पहिली रिंग थांबते, तिथे नख चक्क अडकलं, खाली सगळं गुळगुळीत. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो, तिथेच आग सगळ्यात जास्त, ऑइल पातळ होतं, थर तुटतो आणि लोखंडाला लोखंड लागतं. त्यात बारीक माती आली की मग पॉलिश पेपरच घासल्यासारखं. आमच्याकडे माती येत होती कुठून, तर एअर फिल्टरपासून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाइपाचा क्लॅम्प ढिला होता! फिल्टर नवा होता तरी.

म्हणून सगळ्यात आधी हे करा, इंजिन बंद करून फिल्टरनंतरचा पाइप काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्याला माती लागली तर समजा इंजिन माती खातंय, पाइपाची चीर, क्लॅम्प, फिल्टरचं रबर सगळं बघा. कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरची जोरात हवा मारू नका, कागद फाटतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. ऑइलवाला एअर फिल्टर असेल तर वाटीत ऑइल खुणेपर्यंतच, जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

ऑइल कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तोच ग्रेड, बहुतेक ठिकाणी १५ डब्ल्यू ४०. यातला ४० म्हणजे १०० डिग्रीला ऑइल किती जाड राहतं त्याचा आकडा, त्यामुळे स्वस्तातलं सुटं ऑइल टाकून पैसे वाचत नाहीत. बदलायचं ते तासांच्या मीटरवर, आणि धुळीत काम जास्त असेल तर थोडं आधीच.

रेडिएटरची जाळी मात्र रोज संध्याकाळी साफ करा, भुसा-कचरा अडकला की इंजिन तापलंच. आत बोअरचं खारं पाणी नको, क्षार बसतात, कुलंट टाका. आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेनं हात भाजतो. टर्बोवालं इंजिन असेल तर बंद करायच्या आधी दोन-तीन मिनिटं रेस न देता चालू राहू द्या.