सिनेमा लावला की ऑफिस आठवायचं, ते असं सुटलं

लोकलने डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ. सिनेमा लावला की दहाव्या मिनिटाला हात ऑफिसच्या ग्रुपवर. १८१ मिनिटांचा 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' आठवड्यात अर्धाही झाला नाही. सुट्टी टाकली, तर लॅपटॉप सोबत आला. दीडपट वेगात लावला, तर त्यातला योद्धा थॉरसुद्धा मीटिंग घेतोय असं वाटलं. जाम वैतागलो होतो.

जमलं ते याच क्रमाने: घाटकोपर यायच्या आत उद्याची कामं कागदावर (तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तर बरं, नाहीतर दाराशी उभं राहून). फोनवर लिहायचं नाही, ग्रुप दिसतो. घरात शिरताच फोन म्यूट करून तांदळाच्या डब्यावर. मग अंघोळ, जेवण. त्यानंतर सिनेमा, तासभरच. थांबलो ती वेळ त्याच कागदामागे.

तिसऱ्या रात्री सिनेमा संपला, शेवटची नावं संपल्यावर येणारा हातोड्याचा आवाजही ऐकला.